हिवरदरीचे भूमिलेखन

पाट्या मंजूर झाल्याचा कागद हिवरदरी गावी येऊन सात महिने लोटले, परंतु पाट्या काही आल्या नाहीत. कागद नागपुराहून बुलढाण्यास, बुलढाण्याहून चिखलीस, आणि तेथून अमडापूरच्या बाजारास आलेल्या एका गृहस्थाच्या पागोट्यात बसून थेट गावात पोहोचला होता. कागदास एवढा प्रवास साधतो तर पाट्यांस का साधू नये, हा प्रश्न वामनराव मास्तरांस रोज सकाळी शाळेचे कुलूप काढताना पडत असे आणि कुलूप निघेपर्यंत त्याचे उत्तर मिळत नसे.

शाळा म्हणजे किसनराव यांची कापसाची रिकामी कोठी. तिला खिडकी नव्हती. पण दरवाजा असा रुंद होता की भरलेली गाडी बैलांसकट आत जावी. गावात शाळा यावी म्हणून किसनरावांनी ती मोठ्या मनाने देऊ केली होती. त्यांच्या पत्नी सोजराबाई यांनीही रुकार दिला, मात्र एका अटीवर: कोठीची जमीन त्या स्वतः सारवतील आणि तिजवर कोणी कसलीही खरडाखरड करणार नाही.

वामनराव मूळचे देऊळगाव राजाचे. मराठी चौथी त्यांनी चांगल्या रीतीने उत्तीर्ण केली होती. पुढील परीक्षेस ते दोनदा बसले आणि दोनदा उठले. तथापि विद्येवरील त्यांचे प्रेम यत्किंचितही उणे झाले नव्हते. ते बोलत तेही छापील पुस्तकासारखे, आणि त्यामुळे भाजी घेण्यास गेले तरी भाजीवाली आधी पदर सावरून उभी राही. त्यांचे वडील बंधू रामराव मळा करीत. वामनरावांनी शिक्षकाची जागा पत्करली तेव्हा रामराव एवढेच म्हणाले होते, "जा बाबा. पण वरीसभरानं ये. मिरच्यांना पाणी द्यायला माणूस लागंलच."

वर्षभराने असे म्हणण्यास कारण होते. हिवरदरीची शाळा तात्पुरती होती. वर्षअखेरीस शाळा तपासणारे डिप्टीसाहेब येणार, एकेक मुळाक्षर मोठ्याने सांगणार, आणि मुलांनी ते ऐकून पाटीवर काढायचे. किमान बारा मुलांनी अपासून ज्ञपर्यंत अठ्ठेचाळीसही अक्षरे बिनचूक काढली, तर शाळा कायम आणि मास्तरही कायम. एकही मूल कमी पडले, तर शाळा उचलून दुसऱ्या गावी आणि मास्तर मिरच्यांस पाणी द्यावयास. पटावर मुले होती बरोबर बारा. सात मुलगे व पाच मुली. त्यात एखादे शिलकीस असते तर वामनरावांस रात्री झोप लागली असती.

पाट्यांवाचून अक्षरे कशी गिरवावी? वामनरावांनी प्रथम अंगणात बारीक धूळ पसरून तिजवर बोटाने लिहिण्याचा क्रम ठेवला. धूळ उत्तम होती, हे गावच्या कोंबड्यांनीही ओळखले. मुले 'इ' काढून वर पाहतात तो त्या 'इ'मध्ये एक कोंबडी पंख पसरून लोळत आहे, असा प्रकार नित्य घडू लागला. मग त्यांनी चिंचोके मांडून अक्षरे करविली. दुसऱ्या दिवशी निम्मे चिंचोके भाजून खाल्लेले आढळले. किसनरावांचा नातू उकंडा, जो बिगारीच्या वर्गात सर्वांत थोर म्हणजे आठ वर्षांचा होता, त्याने प्रांजळपणे सांगितले, "मास्तर, म्या फक्त क खाल्ला. ख यानं खाल्ला."

खरी अडचण निराळीच होती. मुले अक्षर काढीत नसत, उपटीत असत. कोपर बरगडीस घट्ट दाबून, जीभ बाहेर काढून, बोटाच्या टोकावर साऱ्या देहाचा भार देऊन ती एकेक रेघ अशी ओढीत की पाहणाऱ्याचेच मनगट दुखावे. वामनरावांस वाटे, जोर कमी पडत आहे. म्हणून ते आणखी जोर देण्यास सांगत.

एके शनिवारी दुपारी सोजराबाईंनी कोठी सारवली. शेण, पांढरी माती आणि गव्हाचा भुसा एकत्र कालवून भिंतीपासून दारापर्यंत त्यांनी अशी जमीन काढली की चंद्रकोरींची शेते पिकल्यासारखी दिसावी. त्या हात धुण्यास गेल्या. तेवढ्यात वामनरावांच्या मनात आले की ही ओली भूमी म्हणजे ईश्वरानेच धाडलेली पाटी आहे. त्यांनी कडेला बसून तर्जनीने एक टपोरा 'अ' काढला आणि गोजरा नावाच्या सहा वर्षांच्या मुलीस हाक मारून तसाच दुसरा काढावयास सांगितला.

सोजराबाई परत आल्या तेव्हा गोजराचे बोट जमिनीत पेरभर रुतले होते.

"मास्तर, हे काय होय?"

"काकू, हा 'अ' आहे."

"तो कोणीबी असो. माह्या सारवणात काऊन घुसला?"

"भूमी ओली असता तिजवर अक्षर उत्तम उमटते, असे माझ्या निदर्शनास आले."

"तुमच्या निदर्शनाले बाहेर बसवा, बाप्पा. कंबर मोडून सारवलं म्या." एवढे म्हणून त्यांनी गोजराकडे पाहिले. "अन् हे लेकरू अक्षर काढून राह्यलं का हराळी खंदून राह्यलं?"

"बोटावर जोर देऊन काढावे, असे मीच सांगितले आहे."

"हाव. दिसूनच राह्यलं."

खाडाखोड झालेली जागा पुन्हा सारवणे भागच होते. सोजराबाईंनी पदर खोचला, त्या गोजराच्या पाठीशी उकिडव्या बसल्या, आणि तिचा चिमुकला तळवा आपल्या तळव्याखाली घेऊन म्हणाल्या, "बोट सोड. कोपर सोड. खांदा देला ना देवानं तुले? त्याले लाव कामाले." असे म्हणून त्यांनी हात सैल टाकला. एक चंद्रकोर उमटली. तिच्याखाली दुसरी. गोजराला गुदगुल्या झाल्या आणि ती हसू लागली.

वामनराव पुढे झाले. "काकू, थांबा. आता मधोमध एक आडवी रेघ ओढा. तिच्या टोकास उभी दांडी द्या. आणि वरून झाकण."

सोजराबाईंनी तसे केले. जमिनीवर हातभर उंचीचा 'अ' उभा राहिला. असा डौलदार 'अ' वामनरावांस स्वतःलाही कधी साधला नव्हता.

"झालं तुमचं?"

"झाले. हाच तो 'अ'."

"येवढाच होय?" सोजराबाई म्हणाल्या. "हे तं मी तीस वरसं झाले काढून राह्यले. फक्त दांडी देत नव्हते."

त्या दिवसापासून हिवरदरीच्या शाळेचा क्रम पालटला. प्रत्येक मुलाने येताना एक मूठ शेण आणावे. आपल्या पुढ्यातील एक हात रुंदीचा पट्टा भिंतीपासून पातळसा सारवावा. आणि तो ओला आहे तोवर त्यावर अक्षरे काढावी. अक्षराचे नाव आणि घाट वामनरावांनी सांगावा; हात सोजराबाईंनी वळवावा. पहिला महिना सबंध तळव्याने, मग चार बोटांनी, मग दोन, आणि शेवटी एकाच बोटाने. अक्षर जसजसे लहान झाले तसतसा खांदा कोपरात आला आणि कोपर मनगटात आले. पण जोर असा कोठेच उरला नाही. सोजराबाईंस एकही अक्षर वाचता येत नसे. त्यांनी आपल्या सोयीची नावे ठेवली होती. 'ठ'ला त्या चुलीवरले गाडगे म्हणत आणि 'ट'ला खुंटीचा विळा.

"काऊन बे उकंड्या, तुह्या गाडग्याले पोचा पडला का? पोट फुगव त्याचं."

"आजी, पाव्हणा जेवेल इतकं फुगवू का?"

"तुह्यावाणी खाणारा पाव्हणा आला तं तेबी पुरणार नाई. फुगव."

एक नियम मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी घालून दिला आणि तो कोणासही मोडू दिला नाही. सारवणारी बाई कधी पुढे जात नाही. ती मागे मागे सरत येते, नाहीतर आपलेच सारवण आपल्या पायांनी तुडवावे लागते. म्हणून मुलांनी उकिडवे बसावे, एक अक्षर काढावे, आणि एक वीत मागे सरावे, मग दुसरे. जो विसरेल त्याच्या पाठीवर सोजराबाईंचा शेणाचा हात उमटे आणि तो घरी जाईपर्यंत साऱ्या गावास दिसे. महिन्याभरात मुलांस मागे सरण्याचे भानही उरले नाही. अक्षर संपले की शरीर आपोआप वीतभर मागे जाई. कोठीत सव्वीस अक्षरे मावत. दारापाशी आले की त्या दिवसाचे लेखन संपे आणि उरलेली अक्षरे दुसऱ्या दिवशी घेतली जात.

किसनराव एकदा म्हणाले, "शाळेची जमीन रोज सारवून निघते. आपली ओसरी मात्र आठ दिवसांपासून तशीच हाय."

"मंग तुमीबी नाव घाला शाळेत," सोजराबाईंनी उत्तर दिले. "शेण घेऊन येजा."

मासिक अहवाल बुलढाण्यास धाडणे हे वामनरावांचे आवडते काम होते. पौष महिन्याच्या अहवालात त्यांनी लिहिले: "पाट्यांच्या अभावी अस्मादिकांनी बहुत विचारांती योजिलेली भूमिलेखन नामक नूतन पद्धती फलद्रूप होत आहे." लिहून झाल्यावर त्यांचा टाक थोडा वेळ हवेत राहिला. सोजराबाईंचे नाव घालावे असे मनात आले. परंतु सरकारी कागदावर शेणाचा उल्लेख बरा दिसेना आणि शेणावाचून सोजराबाईंचा उल्लेख करता येईना. त्यांनी टाक पुसून ठेवला. त्यानंतर दोन दिवस त्यांनी सोजराबाईंशी बोलताना त्यांच्याकडे पाहिले नाही, कोठीच्या आढ्याकडे पाहिले.

माघात डिप्टीसाहेब आले. त्यांची दमणी कोठीच्या अंगणात थांबली. गाडीवान कडूबा याने बैल सोडून कडुनिंबाखाली बांधले आणि दमणीतून एक खोके उतरविले. त्यात बारा पाट्या होत्या. इतके महिने बुलढाण्यास एका कपाटात बसून त्या अखेर साहेबांबरोबरच निघाल्या होत्या.

मुलांनी पाट्या हातांत घेतल्या, हुंगल्या, आणि उकंड्याने आपली चाटूनही पाहिली. डिप्टीसाहेब वयस्क, कृश आणि मृदू बोलणारे होते. त्यांचा चष्मा दोऱ्याने कानास बांधलेला होता. त्यांनी मुलांस सहा सहांच्या दोन ओळींत, भिंतीकडे तोंड करून बसविले, आणि स्वतः भिंतीशी मांडलेल्या खुर्चीवर त्यांच्यासमोर बसले. मग वहीतून वाचून दाखविले, "परीक्षा चालू असता शिक्षकाने अगर अन्य कोणी मुलांशी बोलणे, खाकरणे, खुणा करणे किंवा त्यांस हात लावणे मना आहे. मास्तर, लक्षात आले?"

"पूर्णपणे, साहेब."

"मग आतापासून मौन."

वामनरावांनी हात पाठीमागे बांधले. सोजराबाई बाहेर अंगणात सूप घेऊन तूर पाखडीत बसल्या होत्या. त्यांचे अर्धे लक्ष सुपात होते.

"अ," साहेब म्हणाले.

बारा पेन्सिली करकरल्या. बारा पाट्या वर झाल्या. बारा 'अ' असे गोलसर, असे मोकळे होते की साहेबांच्या भुवया चष्म्याच्या वर आल्या. त्यांनी वहीत बारा खुणा केल्या. मुलांनी तळहाताने पाट्या पुसल्या, आणि सारी एक वीत मागे सरली.

"आ."

पाट्या वर. पाट्या पुसल्या. एक वीत मागे.

वामनरावांस ते 'इ'पाशी दिसले. प्रथम त्यांनी मनास समजाविले की एका वितीने काय होते. मग त्यांच्या मनात आपोआप हिशेब सुरू झाला. अक्षरे अठ्ठेचाळीस, म्हणजे विती अठ्ठेचाळीस, म्हणजे हात चोवीस. मागल्या ओळीपासून दारापर्यंत अंतर हात दहा. परीक्षा शाळेत सुरू झाली होती. ती संपणार कोठे, हे त्यांस स्पष्ट दिसू लागले. त्यांनी तोंड उघडले, साहेबांच्या वहीकडे पाहिले, आणि तोंड मिटले.

"ए," साहेब म्हणाले, आणि पाट्या वर झाल्यावर त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. "अक्षरे बारीक काढू लागलात. थोडी मोठी काढा."

मुलांनी मोठी काढली.

"क. ख. ग. अरे, मोठी काढा म्हणतो ना."

मुलांनी आणखी मोठी काढली. 'च'च्या वेळी उकंड्याचे अक्षर पाटीच्या चौकटीवर चढले. साहेबांनी पुन्हा चष्मा पुसला. वृद्धापकाळी दृष्टी मंद होते हे त्यांस ठाऊक होते. पण ती मुळाक्षरे पुरी होण्याच्या आत एवढी ढासळेल असे त्यांस वाटले नव्हते. त्यांनी वामनरावांकडे वळून विचारले, "मास्तर, पुढच्या ओळीपेक्षा मागच्या ओळीच्या पाट्या लहान आहेत काय?"

वामनराव उभेच राहिले.

"मी आपणास विचारीत आहे."

वामनरावांनी अत्यंत आदराने वहीतील नियमाकडे बोट दाखविले. साहेबांस ते पटले आणि त्यांनी पुढचे अक्षर घेतले.

'झ'ला मागली ओळ उन्हात गेली. 'ठ'ला तिच्या मागून पुढलीही दारात आली. "धऽ," साहेब म्हणाले, तो समोर कोणीच नव्हते. नुकतीच सारवलेली चकचकीत जमीन होती, आणि दूर उजेडात बारा पाट्या एकदम वर झालेल्या दिसल्या.

"मुले कोठे गेली?"

मास्तर मौन.

"मास्तर, बोला. मी परवानगी देतो."

"मुले कोठेही गेलेली नाहीत, साहेब. मुले परीक्षा देत आहेत. फक्त परीक्षा बाहेर गेली आहे."

साहेब वही घेऊन दारापर्यंत आले. तेथून पाहताच सारी अक्षरे पूर्ववत मोठी दिसली, आणि आपली दृष्टी शाबूत असल्याच्या आनंदात त्यांनी पहिली काही अक्षरे जरा घाईनेच सांगितली. पुढे जसजशी मुले मागे सरली तसतसे साहेबही वीतवीत पुढे आले. बारा मुले उकिडवी मागे जात आहेत आणि बुलढाण्याचा अंमलदार एकेक अक्षर म्हणत त्यांच्यावर चालून जात आहे, हे पाहून रस्त्याने जाणारी माणसे थांबली. सोजराबाईंनी सूप उचलून लेकरांस वाट करून दिली. आता त्यांचे सारे लक्ष इकडे होते.

"स," साहेब म्हणाले. बारा पाट्या. "ह." बारा पाट्या. "ळ."

अकरा पाट्या वर झाल्या.

गोजराने 'ह' पुसून टाकला होता. परंतु ती मागे सरली नव्हती, कारण तिची पाठ दमणीच्या चाकास टेकली होती. ती पाटी मांडीवर घेऊन शांत बसली होती.

"मुली, ळ काढ."

गोजरा हलेना.

"येत नाही काय तुला?"

"येते ना."

"मग काढ."

"इथी ह काढला म्या. त्याच्यावर ळ कसा काढू?"

साहेबांनी तिच्या पाटीकडे पाहिले. पाटी काळीभोर व स्वच्छ होती. "ह तर तू पुसलास."

"पाटीवरला पुसला," गोजरा म्हणाली. "इथला नाई पुसला."

साहेब हळूच वामनरावांकडे वळले. "अहवालात आपण लिहिलेली भूमिलेखन पद्धती ती हीच काय?"

वामनरावांनी वर झालेल्या पाट्या मोजल्या. अकरा मुले म्हणजे शाळा गेली. त्या क्षणी त्यांस सुटकेची एक वाटही दिसली: अक्षरे आपली आणि हे मागे सरण्याचे खूळ एका अडाणी बाईचे, एवढे म्हटले की दोष दुसरीकडे जाणार होता. त्यांनी आढ्याकडे पाहावे म्हणून मान वर केली. परंतु आता डोक्यावर आढे नव्हते, आभाळ होते, आणि ते फार लख्ख होते.

"साहेब, पद्धती हीच. परंतु ती मी योजिलेली नाही," ते म्हणाले. "अक्षरांची नावे मी सांगितली. लेकरांचा हात या सोजराबाईंनी वळविला. मी तर त्यांस बोटावर जोर द्या म्हणून सांगत होतो; तसेच चालते तर आज एकही 'अ' आपल्या दृष्टीस पडला नसता. मागे सरण्याचा नियम यांचाच, आणि ओल्या जमिनीवर तो अगदी योग्य आहे. कोरड्या पाटीवर तो सोडावा, हे मुलांस सांगणे माझे काम होते. ते मला सुचले नाही. अहवालात मी यांचे नाव घातले नाही, तीही माझीच लबाडी."

मग सोजराबाई म्हणाल्या, "अवं मास्तर, तुमी कायले कोरटात उभं राह्यल्यावाणी बोलून राह्यले? लेकरू अडलं हाय, ते पाहा ना." आणि साहेबांस म्हणाल्या, "साहेब, तिले फक्त वीतभर सरकवू द्या."

"कोणी हात लावता कामा नये, बाई. नियम आहे."

"तिले नाई लावत," सोजराबाई म्हणाल्या. "गाडीले लावला तं चालते?"

डिप्टीसाहेबांनी वही उघडली. नियमांचे पान त्यांनी वरून खाली वाचले, मग उलटून मागल्या बाजूसही पाहिले. मुलांबद्दल नियम होते, शिक्षकांबद्दल होते, पालकांबद्दल एक होता. गाडीबद्दल काहीच नव्हते.

"चालते," ते म्हणाले.

कडूबा कडुनिंबाखाली तंबाखू मळीत होता. "बैल सोडेल हायत, साहेब," त्याने कळविले.

"तुले दोन हात हायत ना?" सोजराबाई म्हणाल्या. "का तेबी सोडून ठेवले?"

कडूबा उठला. एका चाकास तो लागला, दुसऱ्यास वामनराव, आणि मागून सोजराबाईंनी साटीस, म्हणजे गाडीच्या चौकटीस, धरून ओढले. दमणी कुरकुरत एक वीत मागे गेली. गोजराही एक वीत मागे सरली, नीट बसली, खांदा एकदा सैल केला, आणि 'ळ' काढला. दोन्ही वाटोळी सारखी होती.

"क्ष," साहेब म्हणाले. अकरा मुले सरकली; दमणी सरकली; गोजरा सरकली. बारा पाट्या.

"ज्ञ."

दमणीचे चाक एका दगडास अडले. तिघांनी जोर केला, तरी ते ढळेना. तेव्हा डिप्टीसाहेबांनी वही काखेत धरली, इकडेतिकडे पाहिले, आणि पुढे होऊन जुवास दोन्ही हात लावले. दमणी दगडावर चढली आणि पलीकडे उतरली. "ज्ञ म्हटले आहे मी," साहेब धापा टाकीत म्हणाले.

गोजराने बराच वेळ पाटीकडे पाहिले. 'ज्ञ' हे अक्षर हिवरदरीत कोणासही आवडत नसे. त्याचा कोठे आरंभ आणि कोठे शेवट, यावर सोजराबाई आणि वामनराव यांचेच दोनदा भांडण झाले होते. वामनरावांनी डोळे मिटून घेतले. पेन्सिल करकरली, थांबली, पुन्हा करकरली. डोळे उघडण्याआधी त्यांनी मनात पाच अंक मोजले.

बारावी पाटी वर होती. साहेब वाकून, चष्मा पुढे करून ती पाहत होते. मग त्यांनी दमणीच्या साटीवर वही टेकवून बारावी खूण केली आणि शेऱ्याच्या जागी लिहिले: शाळा कायम करावी. शिक्षक कायम करावा.

"साहेब," वामनराव म्हणाले, "शिकविणाऱ्याच्या नावापुढे यांचेही नाव घालता येईल काय?"

"रकाना एकच आहे," साहेब म्हणाले. "परंतु कडेस जागा आहे. नाव काय बाई?"

"माहं नाव नका लिहू, बाप्पा," सोजराबाई सूप घेऊन पुन्हा बसत म्हणाल्या. "आज नाव लिहिलं तं उद्या बुलढाण्याची कचेरी सारवायले बलावसान. अन् ते काई लहान नसते म्हणतात."

साहेब हसले, मात्र कडेस त्यांनी काहीतरी लिहिलेच. काय लिहिले, ते वही मिटल्यामुळे वामनरावांस दिसले नाही. जाता जाता त्यांनी एवढे बजावले की या मुलांस बसल्या जागी लिहिण्याची सवय लावावी, नाहीतर दुसऱ्या इयत्तेत शुद्धलेखन घेताना यांचा शोध शेजारच्या गावात घ्यावा लागेल.

दमणी गेली. मुले अजून अंगणात रांगेने उकिडवी बसून होती, कारण परीक्षा संपली असे त्यांस कोणी सांगितले नव्हते.

"ऐकलं ना मास्तर?" सोजराबाईंनी विचारले. "बसल्या जागी लिवायचं म्हणे. ते मले येत नाई. ते तुमीच शिकवा."

वामनरावांस या प्रसंगी बोलण्यासारखे पुष्कळ सुचले होते. कृतज्ञतेविषयी त्यांची दोन वाक्ये तर क्रियापदासकट तयार होती. त्यांनी घसा साफ केला, मुलांकडे पाहिले, सुपातील तुरीकडे पाहिले, आणि म्हणाले, "हाव."